खाऱ्या पाण्याचा हबका

आमच्या गावात विहिरी पुष्कळ होत्या आणि प्यायला पाणी नव्हतं. दर्यापूरच्या अंगाचा तो सगळा खारपाणपट्टा. जमीन काळी, कसदार. तिच्या पोटातलं पाणी मात्र खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, न्हाल्यावर केस दोरीसारखे होतात. गोड पाणी टँकरनं यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. घरात गोड्या पाण्याचा एक माठ होता आणि त्यावर ओलं फडकं असायचं. त्या फडक्याला हात लावायचा अधिकार फक्त आईचा.

बाप जिनिंगमध्ये होता. कापसाची रुई नाकातोंडावाटे आत जाऊन बसली आणि मी सातवीत असताना तो गेला. त्याचा खोकला मला आठवतो, आवाज आठवत नाही. याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही, म्हणून लिहीत नाही.

आई भाजी विकायची. खाऱ्या पाण्यावर पालेभाजी धड येत नाही, म्हणून ती दुपारच्या जीपनं अंजनगाव सुर्जीकडे जायची. तिकडे पाणी गोड, मळे हिरवे. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर बांधून संध्याकाळी परत यायची आणि सकाळी दर्यापूरच्या बाजारात बसायची. म्हणजे भाजी बाजारात पोचेपर्यंत शिळीच झालेली असायची. तिला ताजं करायचं काम माझं होतं.

ते काम असं. पहाटे उठून ओल्या पोत्यावर जुड्या मांडायच्या. पिवळी पानं खुडून टाकायची, दबलेल्या काड्या आत घालायच्या, ताठ काड्या बाहेर घ्यायच्या. मग बादलीतल्या पाण्याचा हबका मारायचा. पाणी खारंच. मी एकदा माठाकडे पाहिलं, तर आई म्हणाली, "मानसाले पुरून नाई राह्यलं गोड पानी, मेथीले कुठून देऊ? तिचे काय दात घासाचे हायेत?"

खाऱ्या पाण्यानंसुद्धा पान उठतं. मान टाकलेली मेथी पाच मिनिटांत उभी राहते, चकाकते, आत्ताच खुडून आणली असं वाटतं. पण दहाच्या पुढं ऊन चढलं की पाणी उडून जातं आणि मीठ पानावर राहतं. अकराच्या सुमारास काठ काळे पडतात, वर पांढरे डाग दिसायला लागतात, आणि जुडी होती त्याहून वाईट होते. आई म्हणायची, "अकरा वाजले का भाजी खरं बोलते." म्हणून आमचा सगळा धंदा अकराच्या आधीचा.

एकदा एक मास्तरीणबाई बाराच्या सुमाराला जुडी परत घेऊन आल्या. "काय वो बाई, सकाळी घेतली तवा कशी टवटवीत होती, आता पाहा."

आईनं जुडी उलटीपालटी करून पाहिली. "उन्हात काहून ठेवली मंग तुमीनं? मानूस बी सुकते, हे तं मेथी हाय."

बाई पुटपुटत गेल्या. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते. त्या वेळी मला त्यात काही चूक वाटली नव्हती, आणि आज वाटते असंही म्हणणार नाही. आम्हाला त्या भाजीवर जगायचं होतं. मी एवढंच सांगते की हबका मारण्यात मी पटाईत होते. कुठली काडी वर घ्यायची आणि कुठली लपवायची हे माझ्या बोटांना न बघता कळायचं.

पुढं अमरावतीला इंजिनीअरिंग केलं, इलेक्ट्रिकल शाखा. चार वर्षं वसतिगृहात काढली. सुट्टीत मुली घरी गेल्या की मी तिथंच राहायचे, कारण घरी गेले की आईच्या पाटीवर एक तोंड वाढायचं. रिकाम्या वसतिगृहात पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की मी धावत जाऊन नळ बंद करायचे. गोड पाणी असं वाया जाताना मला बघवत नसे. बघायला दुसरं कुणी नसायचं.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात पहिली पदवी माझी. हे मी नम्रपणे सांगत नाही, छाती काढून सांगते. प्रमाणपत्र घरी नेलं तेव्हा आईनं त्याला हात लावायच्या आधी हात धुतले. माठातल्या पाण्यानं धुतले.

मग अणुऊर्जा प्रकल्पात निवड झाली. प्रकल्प आमच्यापासून लांब, दोन गाड्या बदलून जावं लागे. गावात बातमी पसरली की पोरगी बॉम्बच्या कारखान्यात लागली. आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या असत्या तं तुमाले समजलं असतं. बॉम्ब तिच्यासाठी काई नवा नाई."

मला तिथं बॅटरीच्या खोलीचं काम मिळालं. वीज तयार करणाऱ्या ठिकाणी बॅटरी कशाला, हे मला लोक अजून विचारतात, म्हणून इथं सांगून टाकते. अणुभट्टी बंद केली तरी लगेच थंड होत नाही; तिच्यातली उष्णता काढत राहावी लागते. बाहेरची वीज गेली तर डिझेलची जनित्रं सुरू होतात. पण ती सुरू करायला, झडपा हलवायला, आत काय चाललंय हे दाखवणारे काटे जिवंत ठेवायला वीज लागते, आणि ती बॅटरी देते. जनित्रं सुरू झालीच नाहीत तर ठरलेले तास सगळी भिस्त तिच्यावर. त्या खोलीत दोन-दोन व्होल्टचे शंभरावर सेल रांगेत उभे असतात, पारदर्शक डब्यांत, आतल्या पट्ट्या दिसतात. वर्षानुवर्षं त्यांना काही काम नसतं. फक्त एखाद्या दिवसासाठी उभं राहायचं असतं, आणि तो दिवस येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

मला ती खोली आवडायची. जेवणाच्या हॉलपेक्षा तर नक्कीच. हॉलमध्ये मी "मले नको" म्हटलं की टेबलावरची मंडळी एकमेकांकडे बघायची. एकदा ताट उचलताना सवयीनं "मी जातो" म्हटलं, आणि पुढं महिनाभर मी दिसले की कुणीतरी म्हणायचं, "आला का रे तो?" आमच्याकडे बाया तसंच बोलतात, हे मी समजावून सांगायला गेले नाही. मी बोलणंच कमी केलं.

त्या पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर येऊन बसणारा एकच माणूस होता, आमच्या विभागाचे साहेब. पुण्याकडचे, पन्नाशीचे, सावकाश जेवणारे. ते काही विशेष बोलायचे नाहीत. फक्त रोज माझ्यासमोर ताट ठेवायचे. हे किती मोठं होतं ते एकटं जेवल्याशिवाय कळत नाही.

बॅटरीची ठरावीक काळानं चाचणी होते. तिला चार्जरपासून तोडायचं, तिच्यावर कृत्रिम भार टाकायचा आणि व्होल्टेज तळाला यायच्या आत ती किती तास टिकते ते पाहायचं. माझ्या वाट्याला पहिली चाचणी आली तेव्हा साहेब म्हणाले, "नीट कर. वरून बघायला येणार आहेत."

मी नीट केली. चाचणीच्या आधी चार दिवस मी त्या खोलीत राहायला गेल्यासारखीच होते. टोकांवर चढलेला पांढरा क्षार खरवडून काढला. जोड आवळले. ज्या सेलांत पाणी खाली गेलं होतं त्यांत डिस्टिल्ड पाणी घालून सगळ्यांची पातळी एका रेषेत आणली. बॅटरीला जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी लागतं. आमच्या घरात माणसांना मिळालं नाही असं. ते नळीनं ओतताना मला दर वेळी घरचा माठ आठवायचा. मग बॅटरीला बूस्ट दिला, म्हणजे रोजच्यापेक्षा जादा चार्ज, मागं पडलेले सेल वर यावेत म्हणून. टोकांना पेट्रोलियम जेली लावून चकचकीत केलं.

बॅटरी ठरल्यापेक्षा जास्त वेळ टिकली. साहेबांनी पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "या मुलीनं जुन्या बॅटरीला नवी केली." त्यांनी मला ती सगळी पद्धत पायरीपायरीनं लिहून काढायला सांगितली. कागदाच्या खाली चौकट होती, 'तयार करणार', आणि तिच्यात माझं नाव आणि सही आली. बाजारात पोत्यावर बसणाऱ्या बाईच्या मुलीची सही अणुऊर्जा प्रकल्पाच्या कागदावर. त्या दिवशी हॉलमध्ये मी मान वर करून जेवले.

तोपर्यंत मी आईला अकोल्याला आणलं होतं. जठारपेठेत दोन खोल्या, नळाला गोड पाणी. सुट्टीत गेले तेव्हा तिला सगळं सविस्तर सांगितलं. पाणी घातलं, टोकं घासली, जादा चार्ज दिला आणि मग परीक्षा घेतली. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "मंजे हबका मारला म्हन."

मला राग आला. "माय, हे सायन्स हाय. मेथीची जुडी नोहे."

"मी कुठं काय म्हनून राह्यली," ती म्हणाली. "चांगलं केलं. खपली न?"

मी उठून बाहेर गेले.

दहाएक वर्षांनी मी प्रकल्प सोडून नियमन करणाऱ्या कार्यालयात गेले. तिथलं काम म्हणजे देशभरच्या प्रकल्पांत जाऊन तपासणी करायची आणि नियम-मार्गदर्शिका लिहिणाऱ्या गटात बसायचं. पद चांगलं, मान चांगला, सोबत नाही. तपासायला आलेल्या माणसाशेजारी कुणी जेवायला बसत नाही. मी हॉलमध्ये शिरले की गप्पा थांबतात. अतिथीगृहात टीव्ही लावून ठेवायची सवय लागली. बघायचे नाही, नुसता आवाज पाहिजे म्हणून. लग्नाचं म्हणाल तर ते राहून गेलं. कोणी फसवलं नाही, कोणी नाकारलं असंही फार नाही. राहून गेलं. दर दिवाळीला घराबाहेरच्या एकाच माणसाचा फोन यायचा, पहिल्या साहेबांचा. "फराळ केलास का गं?" एवढंच विचारायचे. मी केलेला नसायचा, तरी हो म्हणायचे.

अशाच एका तपासणीत, दुसऱ्याच एका प्रकल्पात, मी बॅटरीची चाचणी बघायला गेले. खोलीत पाय ठेवला आणि थांबले. सगळ्या टोकांवर ताजी जेली. सगळ्या सेलांची पातळी एका रेषेत, वरच्या खुणेला टेकलेली. टोपणांच्या कडा अजून ओल्या. कित्येक महिने वापरात असलेली बॅटरी अशी नसते. कुठं पाणी कमी, कुठं जास्त, कुठं जरा क्षार, असं असतं. जुडीतली एकूण एक काडी ताठ असेल तर समजून जावं. माझ्या बोटांना ते आधी कळलं, डोक्याला मागून.

तिथला तरुण इंजिनीअर माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "पाणी कधी भरलं?"

"काल, मॅडम."

"बूस्ट?"

"परवा संपला."

"का बरं?"

तो गोंधळला. "पद्धतच तशी आहे ना, मॅडम. हे बघा, लिहिलेलं आहे." त्यानं फाईल पुढं केली. पायऱ्या ओळखीच्या होत्या. वाक्यंही ओळखीची होती. शेवटच्या पानावर, हा मसुदा मूळ कुणी तयार केला याची यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव माझं होतं. एका प्रकल्पातून दुसऱ्यात पद्धत उचलली गेली होती, जशीच्या तशी. त्यानं ते नाव वाचलं, माझ्या छातीवरचं ओळखपत्र वाचलं, आणि एकदम खूश झाला. "अरे! मॅडम, म्हणजे ही तुमचीच!"

मी हो म्हटलं. चाचणी पास झाली. मी अहवालात तेवढंच लिहिलं.

परतीच्या प्रवासात मात्र मला शेंगा सोलण्याचा आवाज येत होता. चूक साधी होती, आणि आम्हा सगळ्यांची होती. नवी बॅटरी घेताना तयारी करून तपासलं तर ठीक. तिची ताकद किती हे कळतं. पण वीज जायची वेळ आधी सांगून येत नाही. त्या दिवशी कुणी चार दिवस आधी पाणी भरून, जोड आवळून ठेवलेले नसणार. तेव्हा खरा प्रश्न असा की आज, आत्ता, जशी आहे तशी ही बॅटरी ठरलेले तास निभावेल का? आणि हा प्रश्न माझ्या पद्धतीनं कधी विचारलाच नव्हता. मी तिला बाजारासाठी सजवत होते, आणि परीक्षा अकराच्या आधी घेत होते.

मी मार्गदर्शिकेत एक कलम सुचवलं: चाचणी बॅटरी सापडेल त्याच अवस्थेत व्हावी. आधी पाणी नाही, बूस्ट नाही, जोड आवळणं नाही. गटात हरकती आल्या, आणि त्या मूर्खपणाच्या नव्हत्या. एखादा कमजोर सेल तयारीशिवायच्या चाचणीत आणखी बिघडेल. चाचणी नापास झाली तर देखभालीसाठी बंद ठेवलेला प्रकल्प सुरू करायला उशीर होईल. यावर उत्तरं होती आणि ती मी दिली. मग एक मधला मार्ग पुढं आला: कलम घ्यावं, पण नव्यानं बसवलेल्या बॅटऱ्यांपुरतं. जुन्या बॅटऱ्या त्यांच्या जुन्या पद्धतीवर राहू द्याव्यात, बदलेपर्यंत. निर्णय पुढच्या बैठकीत.

ती बैठक मेमध्ये होती आणि मी अकोल्याला होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून रजा घेतली होती. बैठकीला लॅपटॉपवरून बसणार होते. अकोल्याचा मे ज्यानं काढला त्याला सांगायला नको. सकाळी नऊलाच भिंती तापतात, कूलरसमोरून उठवत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. निवृत्त झाले होते, पण तज्ज्ञ म्हणून गटात होते. दिवाळीशिवाय पहिल्यांदाच त्यांचा फोन.

"आईचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे, सर."

मग मुद्द्यावर आले. "उद्या तो मधला मार्ग मान्य कर. नव्यांना लागू, जुन्यांना नको. तुझं कलमही येतं, आणि कुणाचं काही जात नाही."

"जुन्याच जास्त आहेत, सर."

"अगं, जुन्यांना लागू केलंस तर इतक्या वर्षांच्या चाचण्यांचा अर्थ काय उरतो? त्यांच्यावर कुणाचं नाव आहे?" मग आवाज खाली आला. "माझं आहे. तुझं माझ्या आधी आहे. कुणी विचारलं नाहीये. आपण होऊन कशाला सांगतेस?"

त्यांनी धमकी दिली नव्हती. ते मला वाचवत होते, टेबलावर ताट आणून ठेवावं तसंच. आणि जुन्यांमध्ये एक बॅटरी अशी होती जिला मी नवी केली होती. तिचे दिवस भरत आले होते. तिच्या सगळ्या चाचण्या उत्तम होत्या. ती प्रत्यक्षात किती तास उभी राहील हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "उद्या बोलू, सर," आणि फोन ठेवला.

गल्लीतून सकाळपासून तीन भाजीवाले ओरडत गेले होते. आईनं एकालाही थांबवलं नाही. डोळ्यावर हिरवा चष्मा लावून ती खुर्चीत बसून होती. अकरा वाजून गेल्यावर चौथा आला तेव्हा उठली. बाहेर ऊन आग ओकत होतं.

"माय, डॉक्टरनं उन्हात जाऊ नको म्हटलं. सकाळी काहून नाही घेतली?"

"सकाळी कोन घेते?" ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली होती. "सकाळची सगळ्याईची चांगलीच असते. अकराच्या बादची पाहाव. आता ज्याची उभी हाय त्याची घेतो मी."

अकोल्याला आल्यापासून ती अशीच भाजी घेत होती. शेजारणी हसायच्या, म्हातारीला ऊन लावून घ्यायची हौस आहे म्हणायच्या. मी स्वतः कितीदा तिच्यावर चिडले होते. पण का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि खाली गेले. गाडीवरच्या पाच जुड्यांत एक मेथीची धड होती. काठ थोडे मऊ, पण मान सरळ. वर आणली तेव्हा आईनं ती डोळ्यांजवळ धरली नाही, बोटांनी चाचपली. "हे बरी हाय," म्हणाली. "कोनाच्या मळ्यातली का असंना."

दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी आली. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता, कारण तिथंच नेटवर्क धड मिळायचं. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

मी म्हणाले, "मधला मार्ग मला मान्य नाही. चाचणीपूर्वी तयारी करण्याची जी पद्धत आज निदान दोन प्रकल्पांत चालते, ती मूळ मी लिहिलेली आहे. पहिली चाचणीही मीच केली. त्या चाचणीत बॅटरी पास झाली ती मी तिला तयार केलं म्हणून. तयारी नसती तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. हे इतिवृत्तात लिहावं. आणि कलम जुन्या बॅटऱ्यांनाही लागू करावं. पहिली चाचणी माझ्या त्या बॅटरीची व्हावी."

पडद्यावर साहेबांची चौकट काळी झाली. त्यांनी कॅमेरा बंद केला होता. अध्यक्षांनी घसा साफ केला. "मॅडम, हे नोंदवायची खरंच गरज आहे का?"

"आहे."

"मग नोंदवतो."

त्यानंतर अर्धा तास चर्चा झाली. मध्येच आमच्या गल्लीतली वीज गेली, कूलर थांबला. लॅपटॉपला बॅटरी होती, फोनचं नेटवर्क चालू होतं, म्हणून मी टिकले. शेवटी कलम सगळ्यांना लागू करायचं ठरलं. बैठक संपली तेव्हा माझा ब्लाऊज पाठीला चिकटला होता.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"सांगून टाकलं."

"काय?"

"हबका."

ती हसली नाही. मेथीच्या काड्या गोळा करून उठली आणि मला गार पाणी दिलं. "पी. तोंड सुकलं तुयं."

त्या पावसाळ्यानंतर माझा जुना प्रकल्प ठरल्याप्रमाणे बंद ठेवला होता, तेव्हा माझ्या बॅटरीची चाचणी झाली. माझाच विषय म्हणून मी त्यातून बाहेर राहिले. पाणी भरलं नाही, जोड आवळले नाहीत, टोकांवरचा पांढरा क्षार तसाच ठेवला. ती ठरलेल्या तासांच्या आधीच बसली. तिच्या जोडीची दुसरी बॅटरी वेगळी होती आणि सशक्त होती, शिवाय प्रकल्प बंद होता. कुठं अंधार झाला नाही, कुणाला काही झालं नाही. त्याच बंद काळात ती काढून तिथं नवी बसवली. अहवाल मी कार्यालयात, दार लावून, एकटीनं वाचला. दोनदा वाचला. मग डबा उघडून जेवले.

त्या दिवाळीला साहेबांचा फोन आला नाही. मी केला, वाजत राहिला. आईनं विचारलं, "तुया सायबाचा फोन नाई आला?" मी म्हटलं, येईल. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. मी अजून दर दिवाळीला लावते.

मार्गदर्शिका आता छापून आली आहे. तिच्यावर कुणाचं नाव नसतं. देशातल्या प्रत्येक अणुऊर्जा प्रकल्पातली बॅटरी आता सापडेल त्या अवस्थेत तपासली जाते. चाचणीआधी कुणी तिला हात लावलाच, तर तो का लावला हे लिहून द्यावं लागतं. ते कलम मी लिहिलं आहे.